व्हीनीचं हसू

थांबा! सुई लावू नका. जे सांगायचं ते मी तोंडानेच सांगते, वाजवून घेण्याइतका जीव आता माझ्यात राहिलेला नाही. मी एक तबकडी आहे. दुकानात मिळतात तसली टणक, चकचकीत नव्हे. आत अॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर काळ्या लाखेचा मऊ थर. मेम्फिस शहरात, फर्निचरच्या दुकानामागच्या एका खोलीत १९६६ साली माझा जन्म झाला. माझ्यासारखी दुसरी नाही. फुशारकी मारत नाहीये, खरंच एकच काढली होती.

माझी जात शिकवणीची. त्या खोलीतली रीतच तशी होती. गाणं रचणाऱ्याने ते स्वतः गाऊन दाखवायचं, ते थेट माझ्यासारखीवर कोरायचं आणि मग एखाद्या मोठ्या गायिकेने मला घरी नेऊन गाणं पाठ करायचं. गाणं पाठ झालं की आमची गरज संपली. अंग मऊ असल्यामुळे सुई दर वेळी माझा थोडा थोडा लचका तोडते. पन्नास-साठ वेळा वाजले की नुसती खरखर उरते.

माझ्यावर गायली ती ल्यूव्हेनिया गिल्मर. खोलीत तिला सगळे व्हीनी म्हणायचे. सकाळी ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी मक्याचा पाव भाजायची आणि भाजता भाजता गाणी रचायची. तिच्या स्वतःच्या नावावर दोन तबकड्या निघाल्या होत्या. पहिलीचं भोक मध्यावर पडलंच नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज झोके खात यायचा. दुसरी निघाली आणि त्याच आठवड्यात गोदामात पाणी शिरलं. दोन्ही कुणी ऐकल्या नाहीत. पण आवाज काय होता म्हणून सांगू! ती गायला लागली की माणसं हातातलं सँडविच खाली ठेवायची.

त्या दिवशी तिने नवं गाणं आणलं होतं, 'कडी काढून ठेवलीय'. रागावून निघून गेलेल्या नवऱ्याला बायको सांगते, की दार नुसतं लोटलंय, केव्हाही ये. खोलीचा मालक बॅस्कम टील यंत्रापाशी बसला. ड्रमवर होता एल्मो टॉलिव्हर. हा एल्मो स्वतःबद्दल बोलताना स्वतःचंच नाव घ्यायचा. "एल्मोला भूक लागली." "एल्मो टॉलिव्हरसारखा ठेका अख्ख्या टेनेसीत नाही." अशी तऱ्हा.

गाणं रंगात आलं. दुसऱ्या कडव्याला व्हीनीने श्वास घेतला आणि तेवढ्यात एल्मोची खुर्ची कडाड्कन मोडली. तो धाडकन खाली, झांज त्याच्या अंगावर, आणि खालून ओरडतोय, "देवा रे, संपला एल्मो टॉलिव्हर!" व्हीनीला हसू आवरेना. गळ्यातून वर येणारं, मध्येच अडखळणारं आणि मग एकदम सुटणारं असं ते हसू होतं. हसत हसतच तिने पुढची ओळ उचलली, ठेका नसताना, आणि गाणं पुरं केलं.

"पुन्हा घेऊ या का?" तिने विचारलं.

"कोरी तबकडी कुठाय? ही शेवटची," बॅस्कम म्हणाला. "नुसती शिकवणीसाठी तर आहे. राहू दे."

लाखेवर रबर चालत नाही. खुर्ची, एल्मोची किंकाळी आणि व्हीनीचं हसू, सगळं माझ्या अंगावर कायमचं राहिलं. बॅस्कमने माझ्या कपाळावर, म्हणजे मधल्या कागदी चकतीवर, पेन्सिलीने दोन शब्द लिहिले, 'व्हीनी, शिकवणीसाठी'.

मला घेऊन गेली ऑरेलिया केन. तेव्हा तिचं नाव गाजत होतं. बाई मेहनती, आठवडाभर रोज कान देऊन मला ऐकायची. बॅस्कमने तिला बजावलं होतं, "व्हीनी करते तसंच्या तसं कर." बिचारीने अक्षरशः तसंच केलं. महिन्याभराने मी परत त्या स्टुडिओच्या खोलीतल्या फळीवर येऊन पडले होते, शेजारी रेडिओ लावलेला होता. गाणं लागलं. दुसरं कडवं आलं, श्वास आला, आणि ऑरेलिया हसली! तेच हसू, तसंच अडखळलेलं. ना खुर्ची, ना किंकाळी, कशाचा कशाला पत्ता नाही आणि बाई हसतेय! मी सुन्न झाले. अहो, दागिने चोरतात, नवरे चोरतात, पण हसू चोरतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि तिला चोर तरी कसं म्हणू? तिला वाटलं, हसू गाण्यातलंच आहे.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. छापील तबकडीवर गाणं रचणाऱ्याचं नाव होतं, बॅस्कम टील. व्हीनीने त्या नावावर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "आणि मी?"

"अगं, तू शिकवलंस," बॅस्कम म्हणाला. "शिकवणाऱ्याचं नाव कुणी छापतं का?"

ती भांडली नाही. कचऱ्याच्या टोपलीशेजारी मी पडले होते, मला उचललं आणि म्हणाली, "ही तरी नेते. कुंडीखाली ठेवायला होईल." त्या खोलीत तिने पुन्हा पाय ठेवला नाही.

कुंडीखाली मात्र तिने मला ठेवलं नाही. चर्चच्या गायकवृंदाची एक जुनी पत्रिका होती, तिच्यात गुंडाळून टोपीच्या गोल डब्यात ठेवलं. वर तिची पांढरी टोपी, महिन्याच्या पहिल्या रविवारी घालायची. माझी पुढची तीस वर्षं त्या टोपीखाली गेली.

आणि बाहेर ते हसू वाऱ्यासारखं पसरलं. न्हाव्याच्या दुकानात, लग्नात, मुलींच्या दोरीवरच्या उड्यांत, दुसरं कडवं आलं की सगळे मिळून हसायचे. व्हीनीची लेक कॉर्लिस नऊ वर्षांची असेल. आईसमोर चमचा माईकसारखा धरून तिने ते हसू हुबेहूब काढलं.

व्हीनीच्या तोंडून निघून गेलं, "बाळ, ते हसू माझं आहे. गाणंही माझंच आहे."

पोरीने शाळेत सांगितलं आणि नसती आफत ओढवून घेतली. या गावाचं तुम्हाला माहीत नाही. इथे प्रत्येक गल्लीत एक तरी काका सापडतो, ज्याने म्हणे अमक्या गाण्यात ट्रम्पेट वाजवला होता! मुली म्हणाल्या, "हो का? आणि माझी आजी चंद्रावर गेली होती." कॉर्लिस रडत घरी आली. व्हीनी म्हणाली, "एल्मो टॉलिव्हरला विचार. तो होता तिथे."

एल्मो तोवर सुधारला होता. ड्रम विकून, दारू सोडून तो त्यांच्याच चर्चमध्ये डीकन झाला होता, पुढच्या बाकावर बसणारा मानाचा माणूस. असल्या बाजारू गाण्यांच्या जागी आपण आयुष्यात फिरकलो नाही, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॉर्लिसने विचारलं तेव्हा तो खाली वाकून म्हणाला, "बाळ, एल्मो टॉलिव्हरने असल्या ठिकाणी पाऊल नाही ठेवलं. तुझी आई गंमत करत असेल."

झालं! पोरीच्या मनात आई खोटारडी ठरली. मोठी झाली तरी ती गाठ सुटली नाही. आई काहीही सांगू लागली, मग ते दुखणं असो की शेजारणीची गोष्ट, की कॉर्लिस म्हणायची, "खरंच ना, आई? की ऑरेलियाच्या गाण्यासारखं?" टोपीखाली मला सगळं ऐकू यायचं. मी मनातल्या मनात ओरडायचे, अगं बये, डबा उघड! एकदा मला वाजव आणि टाक तिच्या पदरात!

एकदाच तिने मला बाहेर काढलं. बहिणीने विचारलं, "पोरीला ऐकवत का नाहीस?" व्हीनी म्हणाली, "हिच्यात एल्मोची किंकाळी आहे. ही वाजली की त्याची अब्रू गेली. मोठ्या मुश्किलीने माणूस मार्गाला लागलाय. आणि आईच्या शब्दासाठी लेकीला पुरावा लागतो, तर राहू दे." मी पुन्हा टोपीखाली. स्वाभिमान म्हणावा की हट्ट, देव जाणे.

१९९७ च्या मे महिन्यातला पहिला रविवार. चर्चने सिस्टर गिल्मरचा, म्हणजे आमच्या व्हीनीचा, सत्कार ठेवला होता. चाळीस वर्षं तिने तिथे गायलं होतं. व्हीनी पुढे निघून गेली आणि टोपी घरीच विसरली. कॉर्लिस ती न्यायला आली. टोपी उचलली आणि खाली मी! तिने पत्रिका पाहिली, गायकवृंदाची. मला उलगडलंसुद्धा नाही. तिला वाटलं, आईने चर्चमध्ये गायलेलं जुनं भजन असणार. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत तिने तिथेच केला. धक्का! हिला काय माहीत, कुणाकुणाला बसणार ते.

चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. तळलेली कोंबडी, पाल्याची भाजी, पीचचा गोड पदार्थ. ब्रदर पर्व्हिस कोपऱ्यात आपला टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. दर रविवारी सगळं टेप करायचं आणि लोकांना न्यायला दारात कॅसेट ठेवायच्या, हे त्याचं काम. कॉर्लिस उभी राहिली. "आता आईच्या आवाजात एक जुनं भजन ऐका," असं म्हणून तिने मला यंत्रावर ठेवलं. पत्रिका व्हीनीच्या पुढ्यातच पडली.

"कॉर्लिस, नको!" व्हीनी ओरडली. पण सुई टेकली होती.

पहिली ओळ निघाली, 'कडी काढून ठेवलीय', आणि काटे-चमचे थांबले. एक म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! चर्चमध्ये हे?" दुसरी पुटपुटली, "हे तर ऑरेलियाचं." तिसरी म्हणाली, "नाही गं, आवाज तिचा नाही." कॉर्लिस जागीच थिजली. आईचा आवाज तिला ओळखू येणार नाही होय? सुई बोथट होती, मला सोलत चालली होती. मी म्हटलं, सोल बाई, पण दुसरं कडवं येऊ दे.

आलं. श्वास. कडाड्! आणि अख्ख्या तळघरात घुमलं, "देवा रे, संपला एल्मो टॉलिव्हर!"

मग व्हीनी हसली, चौतीस वर्षांची व्हीनी.

सगळ्या माना डीकनकडे वळल्या. त्याच्या हातातली कोंबडीची तंगडी तशीच. चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला. वाटलं, आता हा नाही म्हणणार. पण तो टेबलाला धरून उठला.

"तो मीच," डीकन म्हणाला. पहिल्यांदाच त्याने स्वतःचं नाव घेतलं नाही. "खुर्ची मोडली म्हणून ती हसली. गाणं तिचं, हसूही तिचं. कॉर्लिस, तू नऊ वर्षांची होतीस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. इतकी वर्षं मी पुढच्या बाकावर बसतोय आणि ही मागे उभी राहून गातेय."

कॉर्लिस आईकडे गेली. "आई, मी तुला..." एवढंच.

व्हीनीने तिचा हात धरला. "ते मागाहून. आधी ती सुई उचल, माझी तबकडी खरवडली जातेय." आणि डीकनकडे वळून म्हणाली, "आणि तू बस एल्मो. खुर्ची बघून बस!"

लोक खो खो हसत सुटले. आणि व्हीनीलाही हसू फुटलं, तेच, गळ्यातून येणारं, अडखळणारं, मग सुटणारं. सुई माझ्यावर फिरतच होती, उचलायचं भान कुणालाच नव्हतं.

बॅस्कम कधीच मरून गेला. छापील तबकड्यांवर अजून त्याचंच नाव आहे, तिथे माझं काही चाललं नाही. मी परत टोपीच्या डब्यात आहे. दुसऱ्या कडव्याशी आता माझ्याकडे नुसती खरखर आहे. व्हीनीचं हसू माझ्यावरून पुसलं गेलं. पण ब्रदर पर्व्हिसचं यंत्र चालूच होतं. त्या कॅसेटमध्ये दोन हसू आहेत, एकामागोमाग एक, दोन्ही व्हीनीची. कॉर्लिसच्या गाडीत दुसरं काही लागत नाही.

तुमच्या घरात कुणी म्हातारी काही सांगू लागली, तर कृपा करून पुरावा मागू नका. पुरावा मऊ लाखेचा असतो हो, झिजतो. माझ्या कपाळावरचं 'शिकवणीसाठी' कॉर्लिसने खोडून टाकलंय. त्याखाली तिने शाईच्या पेनने लिहिलंय, 'गीत आणि स्वर: ल्यूव्हेनिया गिल्मर'. चला, झाकण लावा आता.