पोपड्यांचे उपकार

माझी ताई मटेरियल सायंटिस्ट आहे. म्हणजे काय, असं आईला विचारलं तर ती सांगते, "वस्तू भाजते." तसं ते बरोबरच आहे. धातू फार तापला की खराब होतो, म्हणून त्यावर सिरॅमिकचा पातळ लेप द्यायचा आणि भट्टीत टाकून बघायचं, टिकतो का. ताईचा लेप टिकला नाही. तिनं जाडी बदलली, तापमान बदललं, शेवटी भट्टीही बदलली. लेप मात्र स्वभावाला पक्का. दर वेळी पोपडे.

असं झालं की संशोधक मंडळी गुपचूप दुसरं काहीतरी भाजायला घेतात. ताईनं त्या पोपड्यांवरच पेपर लिहिला, फोटोंसकट. आई म्हणाली, "एवढे फोटो तू स्वतःच्या लग्नातसुद्धा काढू दिले नाहीस."

आणि पेपर चालला की हो! जगभरचे लोक आपापल्या पेपरात त्याचा दाखला द्यायला लागले. शास्त्रज्ञाचं वजन अशा दाखल्यांवर ठरतं. ताईची संस्थेतली नोकरी कंत्राटी. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे एक समिती ठरवणार होती. विभागात तिच्याइतके दाखले कुणाचेच नव्हते.

आणखी थोडे असलेले बरे, म्हणून आईनं मावशीला फोन लावला. "तुझी सून दिवसभर काहीतरी लिहीत असते ना? त्यात आमच्या पोरीचं नाव घाल म्हणावं." मावशीची सून लोकांचे कराचे अर्ज भरते. बघते म्हणाली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी ते दाखले वाचायला बसलो. पहिल्यात लिहिलं होतं, ही पद्धत वापरू नये. दुसऱ्यात, अजिबात वापरू नये. तिसऱ्यानं सभ्य भाषेत ताईचं वाटोळंच केलं होतं.

"ताई, हे सगळे तुला नावं ठेवतायत!"

"माहितीये रे," ती म्हणाली. "समितीनं नुसता आकडा बघितला तर मी तरले. कुणी वाचायला बसलं तर मेले."

"कोण वाचतंय एवढं?"

"एक बाई आहेत. त्या वाचतात म्हणे."

दुसऱ्या दिवशी नमुन्यांचा डबा मी धरला, कारण ताईच्या हातात कागदांची चळत होती आणि डबा कलला असता तर उरलासुरला लेपही हिंदकळून निघाला असता. समितीनं नमुने मागितले तसा मीही आत गेलो आणि कुणी जा म्हणेना म्हणून उभा राहिलो.

अध्यक्ष आकड्यावर खूश होते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी मात्र कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. वाचलेला गठ्ठा होता तो. कोपरे दुमडलेले होते.

"हा लेप कशाला उपयोगी पडतो?"

"कशालाच नाही, मॅडम," ताई म्हणाली.

अध्यक्षांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"मग छापलात कशाला?"

"माझी तीन वर्षं गेली, मॅडम. दुसऱ्या कुणाची जायला नकोत."

बाईंनी चष्मा काढला. "माझा एक विद्यार्थी हाच लेप करायला निघाला होता. सामानही मागवलं होतं. तुमचा पेपर वाचला आणि मी त्याला थांबवलं. पोरगा दुसऱ्या विषयाला लागला, वेळेत पीएचडी होऊन सुटला. आता त्याला जुळी आहेत." त्या अध्यक्षांकडे वळल्या. "या सगळ्या दाखल्यांमागे असं कुणीतरी वाचलेलं आहे. आभार मानायचं तेवढं आम्हा कुणाला सुचलं नाही. मी आज मानते."

ताईनं हात जोडले. मी डबा धरून "असू दे, असू दे," म्हणालो.

ताई कायम झाली. आई रडली, मग तिनं मावशीला फोन करून सुनेचे आभार मानले. सुनेनंही ते घेतले.

ताईनं मात्र भलतंच काढलं. तिच्या पोपड्यांवर ज्यांनी ज्यांनी टीका केली होती, त्या एकेकाला तिनं मेल पाठवला: तुम्ही माझा पेपर वाचलात, त्याबद्दल मनापासून आभार, तुमच्यामुळे माझं घर चालतंय. बहुतेकांची गोड उत्तरं आली. ज्यानं सभ्य भाषेत वाटोळं केलं होतं, त्यानं मात्र घाबरत विचारलं, ही धमकी समजायची का?

ताई अजून त्याची समजूत घालतेय. तो अजून माफी मागतोय, आणि पुढच्या पेपरात पुन्हा तिचा दाखला देणार आहे.