धुरपदाबाईचा उजवा हात

बिबीजाननं धुरपदाबाईचा उजवा हात साबणाच्या पाण्यात बुडवला, पंजा आपल्या मुठीत दाबून बारीक केला आणि पहिली बांगडी अलगद पुढं ओढली. खांद्यातून अशी कळ उठली की धुरपदाबाईनं ओठ दाताखाली धरला.

"ढिला सोड बेटी. ताठ धरलास तर फुटंल, आन समदं घर माज्या नावानं बोंबलंल."

"फुटू द्या मावशी. न्हाईतरी बोंबलायलाच बसल्यात समदे."

बसले होतेच. सासू माजघरात तोंड फिरवून, जाऊ चुलीपुढं कान टवकारून आणि नवरा हिंमतराव ओसरीच्या खांबाला टेकून. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं.

"म्या जिता हाय अजून," ते पुन्हा म्हणाले.

"व्हय की. म्हणून तर तुमाला संगं नेती."

बिबीजान हसली आणि लगेच पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. धुरपदाबाई लग्न होऊन तुरोरीत आली, तेव्हापासून तिच्या हातात बांगड्या भरल्या त्या हिनंच. काढायचं काम मात्र आज पहिल्यांदा आलं होतं.

दीड वर्ष झालं, त्या खांद्यानं बाईचा जीव नकोसा केला होता. हात छातीच्या वर जाईना. भाकरी थापायची गेली, चूल जावेच्या ताब्यात गेली. ते एक वेळ परवडलं, पण वेणी जावेनं घालायची, पदर जावेनं सावरायचा आणि वर "आज तेल किती लावू बाई?" असं गोड गोड विचारायचं! धुरपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बिब्ब्याचे डाग देऊन झाले, चोळून झालं, तुळजापूरला नवस बोलून झाला. हात होता तिथंच.

मग उमरग्यात एक डॉक्टर आला. पूर्वी कलकत्त्याला होता म्हणे. तिथल्या कुण्या चिनी वैद्यापाशी सुया टोचायचं शिकला होता. गेल्या बाजारी धुरपदाबाई बिबीजानला घेऊन गेली आणि सगळं विचारून आली. उपाशीपोटी यायचं नाही, दोन घास खाऊन यायचं. अंगाला तेल नको. चोळीची बाही वर सरकेल अशी सैल हवी. सुई केसासारखी बारीक असते, रक्त येत नाही. टोचलं की मुंग्या येतात, हात जड होतो, त्याला भ्यायचं नाही. आणि दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे हवेत.

बाकीचं घरानं ऐकून घेतलं. शेवटचं काही घशाखाली उतरेना.

"औंदा कुठं लढाई थांबली त्या चिन्यांसंगं," हिंमतरावांनी आधी दुसरीच वाट धरून पाहिली होती. "आपली पोरं बर्फात मेली आन तू त्यांच्या सुया टोचून घेणार?"

"सुया मलाच टोचणार हायती. त्यात चीनचा काय फायदा?"

मग ते पुन्हा बांगड्यांवरच आले. आताही, शेवटची बांगडी निघाली तेव्हा, ते एवढंच म्हणाले, "एकेक तरी राहू दे. न्हाईतर दोरा तरी बांध."

"मनगटालाच सुई हाय. दोरा बांधून काय ती झाकू?"

बिबीजाननं बांगड्या फडक्यात बांधल्या आणि गाठोडं हिंमतरावांच्या हातात दिलं. ते त्यांनी कोटाच्या खिशात असं घाईनं कोंबलं, जणू चोरीचा माल.

उमरग्यापर्यंत ते एसटीत पुढच्या बाकावर बसले, दवाखान्यापर्यंत पुढं पुढं चालले. धुरपदाबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला होता, पण हात लपवले नाहीत. मनातून मात्र ती घाबरली होती. कळीला नव्हे. सुया टोचून हात तिथंच राहिला, तर हेच घर जन्मभर बोलून दाखवणार होतं.

डॉक्टरनं तिला खाटेवर आडवं केलं.

"जेवलात?"

"व्हय. दोन भाकरी."

"शाब्बास. भीती वाटते?"

"वाटती. पर तुमी टोचा."

पहिली सुई अंगठ्याच्या बेचक्यात गेली, दुसरी मनगटाला, तिसरी कोपरापाशी. मुंगी चावावी तेवढंच. मग आत खोलवर काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि हात शिशासारखा जड पडला. डावीकडंही टोचलं. एक सुई तर पायाच्या नडगीशेजारी! खांदा दुखतो आणि हा बाबा पायाला टोचतो, म्हणून तिला हसू फुटलं.

"हसू नका, सुया हलतील," डॉक्टर म्हणाला आणि स्वतःच हसला.

सुया निघाल्यावर त्यानं बजावलं, "आज जादू होणार नाही. थोडं हलकं वाटेल, उद्या पुन्हा दुखेल. एक दिवसाआड यायचं, महिनाभर."

बाहेर हिंमतराव गाठोडं हातात घेऊन तयारच उभे होते.

"झालं न्हवं? नाक्यावर कासार हाय. भरून घे."

"परवा परत यायचं हाय. उतरवताना सकाळी जीव गेला माजा. महिनाभर ह्ये असंच ऱ्हाणार."

"महिनाभर?" हिंमतरावांचा आवाज चढला. "गावात तोंड कसं दावू म्या?"

"हाय तसंच दावा. म्या माजे हात दावतेच की."

ते तरातरा पानाच्या टपरीवर निघून गेले. धुरपदाबाई रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एसटीची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात माहेरच्या गावची गोजराबाई समोरून आली. म्हातारीची नजर अधू; तिला आधी दिसले ते उघडे हात. तिनं धुरपदाबाईच्या गळ्यात पडून गळाच काढला.

"कवा झालं गं माझे बाई? सांगावा तरी धाडायचा!"

"गोजराकाकू, अवं रडू नका. ते काय, पान खात उभे हायती."

म्हातारीनं टपरीकडं बघितलं. हिंमतरावांचं पान तोंडातच राहिलं. टपरीवरचे दोघेतिघे खो खो हसले आणि गोजराबाई "अगं बया!" म्हणत, डोळे पुसत निघून गेली. हिंमतराव लालबुंद झाले. आज घरी गेल्यावर आपली धडगत नाही, हे धुरपदाबाईला कळलं. पण हात पदराखाली घ्यावासा काही तिला वाटला नाही.

तेवढ्यात एसटी आली. पार दारापर्यंत भरलेली, वेग कमी करायचं नाव नाही. धुरपदाबाई दोन पावलं रस्त्यात उतरली आणि तिनं हात उचलला. डावा धडधाकट असताना उजवा. छातीपर्यंत आला, खांद्यात निखारा पेटल्यासारखं झालं, तरी वर चालला. खांद्याच्या वर, कानापाशी. पदर सरकला. सगळ्या नाक्यानं तो उघडा हात बघितला.

हिंमतराव धावत आले. आता हे आपला हात खाली ओढणार, म्हणून तिनं दात आवळले. पण ते जवळ येऊन नुसते उभे राहिले, कानापाशी पोचलेल्या त्या हाताकडं बघत.

"दुखतंय?"

"लई."

"आजून वर जातोय का बघ."

एसटी करकचून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि तो ओरडला, "चला, चला, लौकर चढा!"

"थांब की रं जरा," हिंमतराव त्याच्यावर खेकसले. "दिसत न्हाय का? आमच्या मालकिणीचा हात वर जातोय."