रिकाम्या खणातला वरवंटा

मित्रांनो, मी वरवंटा आहे, पण जन्माने नाही. जुना म्हणाल तर इतका जुना, की तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा माझ्यापुढे रांगती पोरं. पनवेलजवळच्या डोंगरातून एक ओढा उतरायचा. त्याच्या तळाखालच्या काळ्या कातळाचा मी एक तुकडा. माझ्या डोक्याशी एक भाऊ होता, पायाशी दुसरा, आणि आमच्यात सुईसुद्धा शिरली नसती. एकटं वाटणं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पाणी कुठे अडवायचं, कोणत्या डोंगराच्या पोटात काय दडलंय, हे शोधत सरकारी माणसं तंबू घेऊन रानोमाळ हिंडत होती. आमच्या ओढ्यावरही त्यांची एक तुकडी आली. तिचे भूगर्भतज्ज्ञ होते अविनाशसाहेब. अंगाने काटकुळे, वयाने कोवळे, पण दगडावर जीव टाकणारे. ओढ्याखालच्या गावात खाडीमुळे विहिरींचं पाणी होळीनंतर मचूळ व्हायचं. ओढ्यावर बंधारा झाला, तर गावाला गोडं पाणी मिळणार होतं. बंधारा पेलण्याइतका कातळ घट्ट आहे का, एवढंच साहेबांना पाहायचं होतं.

यंत्राने एक पोलादी नळी गरगर फिरवत जमिनीत उतरवली आणि आम्ही भावंडं गोल कांड्या होऊन वर आलो. लांब लाकडी पेटीच्या खणांत आम्हाला ओळीने निजवलं, जमिनीत होतो त्याच क्रमाने. तो क्रम कोणी मोडायचा नाही, असा साहेबांचा दंडकच होता. कारण पेटीतली रिकामी जागासुद्धा त्यांना काही सांगायची. जागा रिकामी, म्हणजे तिथला खडक कच्चा, वर येता येता त्याचा भुगा झाला, असं समजायचं.

हे काशीरामला कुठून ठाऊक असणार? काशीराम तंबूवरचा स्वयंपाकी, खालच्या त्याच गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मुक्काम हलवताना बैलगाडीतून तंबूतला जुना वरवंटा पडून त्याचे दोन तुकडे झाले होते. आम्ही वर आलो ते साहेब दोन दिवस उरणला गेले असतानाच, आणि त्या दुपारी ते परतणार होते. आणि साहेबांना ताटात लसूण-खोबऱ्याची चटणी दिसली नाही, की तोंड वाकडं! काशीरामची नजर पेटीवर गेली. असा गोल, असा मुठीत बसणारा मी! खोटं कशाला बोलू, त्याने मला उचललं तेव्हा मी जरा फुशारलोच. "एक डाव चटनी वाटतो नि ठेवतो जाग्यावर," असं तो पुटपुटला, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पण साहेब ठरल्या वेळेआधीच आले आणि हातपाय न धुता थेट पेटीपाशी बसले.

"इथे काहीच आलं नाही?" त्यांनी यंत्रावरच्या माणसाला विचारलं.

त्या माणसाने डोकं खाजवलं. "नसंल आलं, साहेब."

"म्हणजे नेमका मधेच खडक कच्चा. पाणी साठवलं तर सगळं इथूनच गळून जाईल. नको, ही जागा नको."

कनातीपलीकडे काशीरामचा हात थबकला. त्याच्या मुठीत मी होतो, मिरचीने माखलेला, चांगला खणखणीत. चार पावलं टाकून त्याने मला दाखवलं असतं, तर सगळं निस्तरलं असतं. मला वाटत होतं, जा रे बाबा, बोल! पण नोकरी नवी होती, लग्न ठरलेलं होतं, आणि मी पडलो सरकारी माल. त्याने पुन्हा चटणी वाटायला घेतली. आठवड्याभरात तंबू निघाले आणि बंधारा दुसऱ्याच कुठल्या तरी ओढ्यावर गेला.

पेटी पनवेलच्या गोदामात गेली. मी मात्र काशीरामच्या पिशवीतून त्याच्या घरी आलो. मला पेटीत ठेवायची त्याची छाती झाली नाही आणि फेकून द्यायलाही त्याचा हात धजला नाही.

त्या घरात माझं कौतुक मात्र खूप झालं. काशीरामची बायको रंभा मला शेजारणींना दाखवायची. पाट्याला टाकी लावणारी बाई आली, की मला हातात घेऊन म्हणायची, "हा कुनी घडवला गो? याला टाकी लावायची गरजच नाय." मी ऐकून घ्यायचो. वाटण सरलं, की रंभा मला पाट्यावर आडवा ठेवून निघून जायची. पाटा बिचारा भला होता, पण तो पडला पाथरवटाकडचा, बाजारातून आलेला. त्याला कातळाच्या गोष्टी काय सांगणार? माझं एक टोक भावापासून तुटलेलं होतं, खडबडीत. त्या टोकाला दुसरा कुठलाही दगड कधीच नीट बसला नसता. ते टोक घेऊन मी वर्षानुवर्षं नुसता पडून राहायचो.

आणि दर उन्हाळ्यात रंभा डोंगरापलीकडून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. ती उंबऱ्यात टेकली, की काशीराम तिच्याकडे बघायचा नाही, माझ्याकडे बघायचा. त्या घरात खरी गोष्ट ठाऊक असलेले आम्ही दोघंच, आणि आमचं एकमेकांशी बोलणं नाही. गावात आणखी कितीतरी रंभा होत्या, त्यांचीही तीच पायपीट.

नव्वद साल उजाडता उजाडता अविनाशसाहेब निवृत्तीनंतर नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आले. एक दिवस काठी टेकत, विचारत विचारत ते काशीरामच्या दारात उभे राहिले. काशीरामचे डोळे भरून आले. रंभाने तांदळाची भाकरी आणि चटणी वाढली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि खुशीने मान डोलावली. मग त्यांचं लक्ष पाट्याकडे गेलं.

घास तोंडातच राहिला. त्यांनी मला उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं. दगडाचा जाणकार माणूस तो, त्याला काय सांगावं लागतं?

"काशीराम, हा कुठला?"

काशीराम खाली बघतच म्हणाला, "त्या पेटीतला, साहेब. रिकामी जागा नव्हती ती. मीच उचललेला. भ्यालो नि बोललो नाय."

साहेबांनी मला अलगद पाट्यावर ठेवलं. म्हणाले, "तू उचललास, पण ठरवलं मी. एक भोक पाडून मोकळा झालो. शेजारी दुसरं पाडायला हवं होतं. भाऊ, मलाच घाई झाली होती."

रंभा भाकरीची टोपली धरून उभी होती. तिने विचारलं, "म्हंजे पानी याच्यामुळं आलं नाय?"

साहेबांनी ताट बाजूला सारलं.

आता करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. नव्या वसाहतींच्या भरावासाठी तो डोंगर सुरुंग लावून अर्धा फोडला होता आणि ओढा मातीखाली गेला होता. साहेबांनी गोदामात चौकशी केली. पेट्यांची लाकडं कधीच जळणाला गेली होती आणि आतले दगड कुठल्याशा रस्त्याखाली. माझी भावंडं तुमच्या गाड्यांखाली कुठे आहेत, मला माहीत नाही. ते कळलं तेव्हा फार पोरकं वाटलं.

त्या दिवसापासून रंभाने मला हात लावला नाही. उचलून अंगणात ठेवलं. ती काशीरामशीही बोलेना. मुलगा निकेश उरणच्या गॅस प्रकल्पात कामाला होता, त्याने मिक्सर आणला.

मग एका सकाळी काशीरामने हंडा उचलला. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि गावात पुरुषाने डोक्यावर पाणी वाहिलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. गावाबाहेर टँकर यायचा, तिथे तो बायकांच्या रांगेत उभा राहिला. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. तो निम्मा भिजून, निम्मा हंडा सांडून घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्याही दिवशी गेला. रंभा दारातून नुसती बघायची.

असे किती दिवस गेले, मी मोजले नाहीत. एकदा तो हंडा उतरवत असताना ती पुढे झाली. तिने त्याच्या डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, घट्ट वळली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.

"अशी बांधायची," ती म्हणाली. "मंग पानी सांडत नाय."

काशीराम चुंबळ हातात धरून लहान मुलासारखा रडला.

मी अजून अंगणातच आहे. माझ्यावर दुपारी कोंबडी येऊन बसते, तेवढीच सोबत. मित्रांनो, तुम्हीही कधी गडबडीत एखादी वस्तू तिच्या जागेवरून उचलाल. मोठेसुद्धा उचलतात. पण त्या रिकाम्या जागेकडे बघून कोणी चुकीचं काही ठरवायला लागलं, तर भिऊ नका. हात मिरचीने माखलेले असले तरी चार पावलं पुढे जा आणि सांगा, की ते माझ्याकडे आहे. मला तेव्हा सांगता आलं नाही. तुम्हाला येईल.