बॅरनसाहेबांचा सत्कार

बॅरन एस्किल ग्रानहेल्म यांच्या देशाचं नाव इथे घेता येत नाही. तशी त्यांची सक्त ताकीद आहे. उत्तरेकडे तीन-चार थंड आणि सुखवस्तू देश आहेत, त्यांतला कुठलाही धरा. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिथल्या काही उमरावांनी पार्लमेंट गुंडाळून सगळी सत्ता राजाच्या हाती द्यायचा कट केला. राजाला विचारायचं तेवढं राहून गेलं. कट फुटला, बॅरनसाहेब अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले आणि देशोदेशी फिरत अखेर तोक्योत, ओजिमातल्या सरकारी वसाहतीत येऊन पडले. सुरेश कारखानीसच्या शेजारच्या दारात.

सुरेश मुंबईच्या एका बँकेचा माणूस. जपानची बदली घेतली, हेच त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस. शेजारी साक्षात राजद्रोही राहतो हे कळल्यावर तो हरखूनच गेला. बॅरनसाहेब पोटापाण्यासाठी निवृत्त जपान्यांना इंग्रजी शिकवत, पण त्यांचा खरा धंदा लपून राहण्याचा होता. पाठलाग चुकवायला ते ओजिमाच्या आधीच्या स्टेशनवर उतरत आणि चालत घरी येत. गुप्त कागद बारीक फाडून ते प्लॅस्टिकच्या कचऱ्यात टाकत. मग इमारतीची देखरेख करणाऱ्या बाई ती पिशवी, 'हे जळाऊ कचऱ्याच्या दिवशी' अशी चिठ्ठी लावून, त्यांच्याच दारात परत आणून ठेवत.

"राज्य उलथवायला निघालेला माणूस," सुरेशची बायको जयमाला म्हणायची, "आणि कुठला कचरा कुठल्या वारी, ते काही जमत नाही." पण वरणभात केला की एक डबा शेजारी जायचाच. रोज संध्याकाळी सुरेश त्यांच्याकडे बसायचा. दिवसभर ऑफिसात 'कारखानीस-सान' अशा हाकांना कमरेत वाकल्यावर, तो तासभर तरी आपण एका मोठ्या कारस्थानात आहोत असं त्याला वाटायचं. त्या म्हाताऱ्यावर त्याचा जीव होता.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनाचे प्रमुख पाहुणे ऐन वेळी आजारी पडले. प्रमुख पाहुण्यांशिवाय संमेलन म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. सुरेश मंडळाचा सेक्रेटरी. त्याने बॅरनसाहेबांचं नाव सुचवलं आणि ते एका दमात मंजूर झालं. प्रमुख पाहुण्यांनी कट नेमका कशासाठी केला होता, याची चौकशी करायला कुणाला वेळ नव्हता. बॅरनसाहेबांनी मात्र साफ नकार दिला. चार लोकांत तोंड दाखवणं म्हणजे मरण, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरेशला सहज विचारलं, की छातीवर पदक लावलेलं चालेल का.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सत्कार म्हटला की पहिल्या रांगेत सत्कारमूर्तीची घरची माणसं बसवायची, ही आपली रीत. बॅरनसाहेबांना घरचं कुणीच नाही. सुरेशचा जीव कळवळला. जयमालाला हे कळलं ते हॉलवर, रांगोळी काढताना.

"पहिल्या रांगेतली ती खुर्ची कुणाची?"

"त्यांच्या वकिलातीची. मी रीतसर इन्व्हाइट केलंय. येतो म्हणालेत."

जयमालाने रांगोळीचा हात थांबवला. "सुरेश, ज्यांच्यापासून तो माणूस पंचवीस वर्षं पळतोय, त्यांनाच तू बोलावलंस?"

सुरेशच्या पाचावर धारण बसली. हौसेच्या भरात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्टेजवर बॅरनसाहेब काळ्या कोटात, पदक लावून बसलेही होते. पडदा बाजूला झाला होता, निवेदिका माइक ठोकून बघत होती. आता त्यांना उठवून न्यायचं तरी कुठे?

तो दाराकडे धावला. वकिलातीतून आली होती ती तिशीतली एक हसतमुख बाई, पाठीला सॅक, जाकिटावर देशाचा छोटा झेंडा. बूट काढत होती.

"मॅडम," सुरेश हात जोडून म्हणाला, "त्यांना इथे पकडू नका. लहान मुलं आहेत. चूक माझी आहे."

"पकडू? कशासाठी?" बाईंना काही कळेना. मग त्या हसल्या. "तुमचं आमंत्रण आलं तेव्हा मी आमच्याकडे चौकशी केली. कुणालाच काही आठवेना. शेवटी एका रिटायर्ड अधिकाऱ्याला आठवलं. त्या सगळ्यांना पोलिसांनी कॉफी पाजून घरी पाठवलं होतं. एक जण आता तिथे बटाट्याची शेती करतो. यांच्यावर कधी खटलाच नव्हता. वाटेल तेव्हा घरी जाऊ शकले असते. आज स्टेजवरून मी तीच गोड बातमी देणार आहे."

सुरेशने वळून पाहिलं. बॅरनसाहेबांना जाकिटावरचा झेंडा दिसला होता. चेहरा पांढराफटक पडला होता, पण पाठ ताठ झाली होती आणि मान वर. इतके रुबाबदार ते त्याला कधीच दिसले नव्हते. तुमच्या मागे कधी कुणी लागलंच नव्हतं, असं या माणसाला दीडशे लोकांसमोर सांगायचं? मग त्यांच्याजवळ उरणार काय?

"मॅडम, तेवढं नका सांगू."

"पण ते खरं आहे."

"म्हणूनच. आमच्याकडे सत्काराच्या भाषणात कुणी खरं बोलत नाही."

बाईंनी काढलेले बूट जुळवून कडेला ठेवले. मग त्या स्टेजवर गेल्या. शाल पांघरवली, नारळ दिला आणि वाकून आपल्या भाषेत एकच वाक्य बोलल्या. बॅरनसाहेबांच्या गालांवर रक्त चढलं. त्यांनी टाचा जुळवून मान लववली. त्यानंतरचं त्यांचं भाषण जोरदार झालं. कुणाला फारसं कळलं नाही, पण टाळ्या भरपूर पडल्या.

"काय म्हणालात त्यांना?" सुरेशने जाताना विचारलं.

"म्हटलं, आमचं सरकार तुम्हाला विसरलेलं नाही." बाईंनी सॅक पाठीला लावली. "नोकरीत पहिल्यांदाच खोटं बोलले."

सुरेश त्या रात्री समाधानाने झोपला. सकाळी शेजारचं दार उघडं होतं आणि घर रिकामं. दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी उरायासुला आहे. ते माझ्यापर्यंत पोचले, सुरेश-सान." उरायासु म्हणजे ओजिमाहून ट्रेनने जेमतेम अर्धा तास, पण आवाज एकदम तरुण झाला होता. "आता आपली भेट नाही. तुमच्या बायकामुलांना माझ्यापायी झळ लागता कामा नये."

सुरेशने विचारलं, "जेवणाचं काय करताय?"

"ते सोडा. काम ऐका. तुमच्या मंडळात कुणीतरी फितूर आहे. त्यानेच मी कुठे आहे ते कळवलं. तो कोण, ते शोधून काढा. तुमच्याशिवाय माझा इथे कुणावरही भरवसा नाही."

समोर दोन जपानी सहकारी फाइल घेऊन अदबीने उभे होते. सुरेशने त्यांच्याकडे पाठ केली.

"शोधतो," तो म्हणाला.