उघडता येणारी पेटी

"श्यामसुंदर, तुमच्या स्वदेशीवर नकाशाची नकल अजून वाटेतच का?" शेजारच्या टेबलावरून प्रेमलाबाईंनी विचारलं. "आमच्या परदेशीवर तोवर चार निघाल्या. नुसतं सांगतेय हो."

श्यामसुंदर हसले. उन्हाळ्यात याच परदेशी संगणक-प्रणालीचा परवाना कुठंतरी अडकला होता आणि एका सकाळी मोजणी कचेरीतले सगळे पडदे काळे झाले होते. आठवडाभर खिडकीवर बसून त्यांनी आलेल्या माणसांना परत पाठवलं. जमीन इथली, नकाशे इथले आणि किल्ली मात्र साता समुद्रापार. म्हणून सरकारनं देशातच बांधलेली प्रणाली एका टेबलावर चाचणीला दिली. ते टेबल कुणालाच नको होतं. श्यामसुंदरांनी मागून घेतलं. ती ठेवायची की परत पाठवायची, हे साहेब आज ठरवणार होते.

आणि नेमका आज प्रिंटर ऐकेना.

"उद्या कोर्टात तारीख हाय," नकलेसाठी खिडकीशी थांबलेला शेतकरी भैरू म्हणाला. "त्या बाईंच्या मशीनवर काढून द्या की."

"द्या इकडे, काढते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पण मग साहेबांनाही तसंच सांगावं लागेल."

खराडीहून आलेली अवनी, त्या प्रणालीची इंजिनिअर, पडद्यावरून नजर न काढता पुटपुटली, "काका, प्रिंटरचा ड्रायव्हर जुळत नाहीये. कोड ओपन आहे, कुणालाही उघडून बदलता येतो; इथेच फिक्स होईल. पण हे थांबतील का?"

श्यामसुंदरांना गुरुवारचं कीर्तन आठवलं. मंडईजवळच्या देवळात ते पेटीची साथ करत. पूर्वरंग ऐन रंगात असताना एक सूर अडकला आणि नुसताच वाजत राहिला. त्यांनी तिथंच पेटीचं झाकण काढलं. बुवांनी ध्रुपद धरून ठेवलं, लोक टाळ्या देत राहिले, कुणी उठलं नाही. काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं. पेटीही मूळची विलायतेचीच, पण इथल्या माणसाला ती उघडता येते, म्हणून तर देवापुढं बसली.

त्यांनी पडदा खिडकीकडे वळवला. "भैरूभाऊ, हे बघा. तुमचा कागद कुठं अडलाय, ते ही मुलगी शोधतेय. अवनी, मोठ्यानं सांगत जा गं."

अवनी सांगू लागली. भैरू गजांना नाक लावून ऐकत होता.

"म्हंजी मोटर खोलल्यावानी?"

"अगदी तसंच," अवनी म्हणाली.

"मग खोला. मी हाय हितंच." आणि तो बाकावर टेकला.

चहा आला, निवला. प्रेमलाबाईंची खुर्चीही जराशी इकडे सरकली होती. मग प्रिंटर घुरघुरला आणि नकाशा बाहेर आला. भैरूनं तो उजेडात धरला, आपल्या बांधावरून बोट फिरवलं आणि नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

साहेब मागे कधीचे उभे होते. "कुणाला विचारावं लागलं?"

"कुणालाच नाही, साहेब. इथंच उघडलं, इथंच दुरुस्त केलं."

"हं. आणखी एका टेबलावर लावा. बघू."

"माझंच असणार ते," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि टेबल आवरायला लागल्या.

श्यामसुंदरांनी खिशातून बुक्क्याची डबी काढली. कीर्तनात बुवा साथीदारांना लावतात तसा चिमूटभर बुक्का त्यांनी अवनीपुढे धरला. तिनं मान जराशी झुकवली. एक हात अजून कीबोर्डवरच होता.