थॉर्नरिज क्लबातला राहून गेलेला डाव

मित्रांनो, आज माझे पाच तुकडे झाले आहेत, तरी मी स्नूकरचे टेबलच आहे. ट्रकमध्ये पडल्या पडल्या माझी हकीकत सांगतो. रस्ता लांबचा आहे आणि मला गप्प बसवत नाही.

वेल्सच्या डोंगरातून काढलेल्या पाच जाड शिळा म्हणजे माझी पाठ. तिच्यावर हिरवे लोकरी कापड ताणले, खाली ओकचे आठ पाय लावले. थॉर्नरिज गावच्या कोळसा-खाणकामगारांनी पोटाला चिमटा घेऊन क्लब बांधला होता. मला माडीवर चढवायला खाणीतली अख्खी पाळी राबली. नंतर सगळे माझ्याभोवती बिअर प्यायले, पण एकानेही माझ्यावर पेला टेकवला नाही. रोज सकाळी मला ब्रश, मग कोमट इस्त्री, तीही एकाच दिशेने! खरे सांगतो, मी जरा शेफारलोच होतो.

खेळायचे असेल त्याने भिंतीवरच्या फळ्यावर खडूने नाव लिहायचे, अशी रीत होती. हरलेला बसे, जिंकलेला पुढच्या नावाशी खेळे. सेप स्टॉब्स आणि ऑल्विन हेपल यांची गाठ पडली की बारवरची माणसेही वर येत. दोघे खाणीत एकाच जागी कोळसा फोडत आणि गावात भिंतीला भिंत लागून राहत.

“ऑल्विन, तुझ्यापेक्षा माझी आई बरी खेळते रे!” सेप म्हणे.

“मग तिलाच आण. निदान तोंड तरी बघवेल.”

मग खाणी बंद करू नयेत म्हणून केलेला तो वर्षभराचा संप आला. क्लबच्या खालच्या दालनात बायका सगळ्या गावासाठी सूप रांधू लागल्या. माणसे उपाशीपोटी खेळत, पण खेळत. संप मिटायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी ऑल्विन संप मोडणाऱ्यांना नेणाऱ्या, दगडांपासून बचावाला जाळ्या लावलेल्या बसमध्ये चढून कामावर गेला. का गेला, ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. गावाला संपफोड्या हा एक शब्द पुरला.

त्याला क्लबातून काढायचा ठराव आला, तेव्हा सेपच उठून म्हणाला, “काढता कशाला? येऊ दे की. बसू दे एकटाच.”

त्याला असे वाळीत टाकले. खाण बंद पडली, तरी तो बहिष्कार उठला नाही. ऑल्विन दर रविवारी दुपारी येई आणि फळ्यावर नाव लिही. त्याची पाळी आली की जिंकलेला माणूस क्यू, म्हणजे खेळायची काठी, भिंतीला लावून निघून जाई. ऑल्विन माझ्याजवळ थोडा वेळ उभा राही, स्वतःचे नाव स्वतःच पुशी आणि घरी जाई. त्याला फक्त सेपबरोबर एक डाव हवा होता. माझ्याने बघवत नसे, पण टेबलाला मान कुठे फिरवता येते!

माणसे मरत गेली, छप्पर गळू लागले, आणि क्लब बंद करायचे ठरले. शेवटच्या रविवारी मूठभर म्हातारेच उरले होते. ऑल्विनने नाव लिहिले. कोणी उठले नाही. त्या दिवशी मात्र त्याने नाव पुसले नाही. क्यू घेतला आणि एकटाच खेळू लागला. सेप माझ्या कडेवर हात ठेवून, त्याच्याकडे पाठ करून बसला होता, पण समोरच्या खिडकीच्या काचेत त्याला सगळे दिसत होते. ऑल्विनने काळा चेंडू माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घातला, की तो पॉकेटच्या कडेलाही लागला नाही.

टक टक!

समोरच्याने सुरेख फटका मारला की टेबलाच्या कडेवर बोटांनी वाजवून दाद द्यायची, ही इथल्या हातांची जुनी खोड. वाजवणारा हात सेपचा होता.

“सेप!” शेजारी बसलेला राल्फ ओरडला. “काय केलंस हे?”

“हात चुकला,” सेप पुटपुटला.

ऑल्विनने लाल चेंडू त्रिकोणात रचले. “उद्या हे टेबल नेणार आहेत. एक डाव खेळतोस?”

सेपचा हात अजून माझ्या कडेवरच होता. बोटे कापड चाचपत होती. त्याला खेळायचे होते हो, मला कळत होते! पण त्याने एकदा राल्फकडे पाहिले आणि उठला. “घरी जेवण थांबलंय माझं.”

“तुझ्या घरी रांधणारं आहे तरी कोण, सेप?” बारवाली मेव्हिस म्हणाली. तो तसाच जिना उतरला.

आज मला न्यायला कामगार लवकर आले. कापड फाडून काढले, शिळा भिंतीला टेकवल्या. इतक्यात टाय लावून, क्यूची पेटी काखोटीला मारून सेप वर आला आणि दारातच थबकला.

“परत जोडता येईल का? थोडाच वेळ, एका डावापुरतं.”

“येईल की, आजोबा,” कामगार म्हणाला. “पण नव्या जागी नेल्यावर.”

ट्रक निघाला तेव्हा सेप ऑल्विनच्या दारासमोर उभा होता. आम्ही वळलो तोवर त्याने दार वाजवले नव्हते.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला कुणीतरी जोडेल, नवे कापड चढवेल. तुमच्यात कुणी कुणाशी बोलायचे राहिले असेल, तर मात्र आजच जा. आणि कृपा करून, दाराबाहेर उभे राहू नका.