ताटातला फ्यूज

आखातातल्या खाबुऱ्यात नळ सोडला की ऑक्टोबरातही आधी हात भाजतो. अशा गावात उत्तर ध्रुवाजवळचं समुद्री शेवाळ वाढवायचं, म्हणजे हौसेला मोल नाही! पण हा प्रयोग चालवणाऱ्या यशश्रीचं म्हणणं वेगळं होतं. तिकडचा समुद्रही आता तापायला लागलाय. तेव्हा जरा ऊब सोसणारी रोपं इथे निवडायची आणि तिकडे लावून पाहायची. कित्येक निवडींतून तगलेली रोपं एका टाकीत, दोऱ्यांना चिकटून होती. दसरा झाला की ती विमानाने निघणार होती, आणि त्यांच्याबरोबर यशश्रीही.

टाकी गार ठेवणारे दोन चिलर, एक चालू आणि एक राखीव, ओमप्रकाशच्या ताब्यात होते. संगमेश्वरचा हा माणूस मशीनला पोटच्या पोरासारखं जपायचा. खंडेनवमीला सकाळीच त्याने राखीव चिलर पुसला, पुढे ताटात पाने-पकडी मांडल्या. पूजेतलं मशीन कोणी चुकून सुरू करू नये म्हणून त्याचा फ्यूजही काढून ताटात ठेवला. मग यशश्री आली, रुवीच्या बाजारातून आणलेला झेंडू तिने ताटभर वाहिला, हळदकुंकू घातलं, हात जोडले.

"ताई, आता उद्यापर्यंत याला हात नाय लावायचा. आराम करू दे बिचाऱ्याला," असं म्हणून तो रुस्ताकला मित्राकडे जेवायला गेला.

दुपारी चालू चिलर बंद पडला. यशश्रीने राखीव चिलरचं बटण दाबलं, तर हूं नाही की चूं नाही. झाकण उघडलं तर फ्यूजची जागा रिकामी. तिने कपाटं उपसली, खोकी उलटी केली, बर्फाच्या पिशव्या आणून टाकीत सोडल्या. ओमप्रकाशचा फोन तिकडे पिशवीत वाजत होता आणि तो आरतीत टाळ्या वाजवत होता. भक्ती करा, कोण नको म्हणतं. पण फोन तरी खिशात ठेवा!

शेवटी मिस्ड कॉल पाहून तो धापा टाकत पोचला तेव्हा रोपं मऊ पडून दोऱ्यांवरून सुटत होती. त्याने ताटातली फुलं बाजूला सारली आणि कुंकू लागलेला फ्यूज उचलला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यशश्री खाली बसून रडायला लागली.

"सगळीकडे शोधलं, ओमकाका. फक्त ताटाला हात लावला नाही."

"लावायचा ना, ताई! जिवापेक्षा पूजा मोठी हाय काय?"

"तुम्ही लावला असता?"

ओमप्रकाशने उगीचच फ्यूज बसवला, आणि चिलर लगेच सुरू झाला.